सदतीस इंचांचा ओटा

आमच्या घरात स्वयंपाक नवरा करतो. हे एवढंसं वाक्य उघड म्हणायला मला एकतीस वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून मोकळी होते. मला स्वयंपाक येत नाही असं नाही. येतो, पण आवडत नाही. त्याला येतोही आणि आवडतोही. यापलीकडे या गोष्टीत कुठलंही कारण नाही, दुखणं नाही, त्याग नाही. लोकांना कारण सांगितलं की बरं वाटतं, पण माझ्याकडे ते नाही.

घरात मी त्याला अहो म्हणते. इथे मात्र 'तो'च लिहिणार आहे. ज्याच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं त्याच्याशी एवढी सलगी चालावी.

मी धुळ्याची. जळगावला शाळेत नोकरी लागली आणि भुसावळला रेल्वेत गार्ड असलेल्या या सहा फुटी माणसाशी लग्न झालं. लग्नाला महिना झाला नसेल. मी शाळेतून डोकं धरून घरी आले, तर हा ड्यूटीवरून येऊन, आंघोळ करून शेवभाजीला फोडणी देत उभा. ताटात भाकरी वाढली, माझी भाकरी कधी झाली नव्हती तशी, पापुद्रा सुटलेली. शिकताना जळगावात खोली करून राहायचा, तेव्हा शिकलो म्हणाला. मी जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले. असं करत करत ते होऊनच बसलं, ठरवलं कोणीच नाही.

ठरवलं ते एवढंच, की हे कोणाला कळता कामा नये. तेही आम्ही बोलून ठरवलं नव्हतं. फाटकाची कडी वाजली की तो हातातलं टाकून मागच्या दाराने न्हाणीकडे जायचा, हात धुऊन अंगणातून वळसा घालून पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसायचा. मी खुर्चीतून उठून ओट्याशी जायची. आमचं स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये साडेचार इंची भिंत होती, तिच्या आड हे सगळं बेमालूम व्हायचं. एकदा तर पाहुणे आत डोकावतील म्हणून मी डब्यातलं पीठ मुद्दाम मनगटापर्यंत चोळून घेतलं होतं. आज आठवलं की हसू येतं आणि लगेच स्वतःचा रागही येतो. पाहुणे जेवून माझ्या हाताच्या चवीचं कौतुक करायचे, मी खाली बघून हसायची आणि खरा स्वयंपाक करणारा तिथेच बसून बडीशेप खायचा.

आमची मुलगी पहिलीत असताना तिने आईवर पाच ओळी लिहिल्या. त्यात एक ओळ होती, माझी आई छान भाकरी करते. पोरीला खरं काय ते ठाऊक होतं, आणि काय लिहायचं असतं तेही ठाऊक झालं होतं. मी शिक्षिका. दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्यांतला ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाही. ती ओळ मात्र मी तशीच राहू दिली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हे सगळं नाटक होतं ते मुख्यतः एका माणसासाठी. माझे मोठे दीर, चोपड्याचे. आम्ही सगळेच त्यांना नाना म्हणतो. सासरे लवकर गेले तेव्हा नानांनी शाळा सोडली, केळी-कपाशी अंगावर घेतली आणि धाकट्या भावाला शिकवलं. खोलीवर ज्वारीचं पोतं तेच पाठवायचे, तो स्वतः करून खातो हे त्यांना माहीत होतं. पण ते लग्नाआधीचं. लग्न झाल्यावर माणसाला भाकरी थापावी लागते म्हणजे बायको काही कामाची नाही आणि माणूसही काही कामाचा नाही, असा आमच्याकडचा हिशेब. नाना ताडकन बोलणाऱ्यांतले नाहीत. ते नुसते गप्प होतात, आणि माझा नवरा त्यांच्या त्या गप्प होण्याला आयुष्यभर घाबरला.

एक मात्र मला कधी समजलं नाही. थंडीत आमच्याकडे शेतात भरताच्या पंगती होतात. कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, वरून तेल-मिरचीची फोडणी घालायची. हे सगळं बाप्ये करतात. बाह्या सारून, धुरात डोळे चोळत, माझं भरीत भारी की तुझं अशा पैजा लावून करतात, आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. तोच माणूस तेच भरीत घेऊन घरात चार भिंतींत, गॅसपाशी उभा राहिला की त्याची नाचक्की होते. म्हणजे छप्पर आलं की लाज आली. मी हे नवऱ्याला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, भाकरी तर शेतातही बायकाच करतात ना. तेही खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि दोन्ही वेळेला तासन्‌तास ओट्याशी उभा राहू लागला. आमचा जुना ओटा कडप्प्याचा, एकोणतीस इंच. सहा फुटी माणूस तिथे पाय फाकवून, कमरेत मोडून उभा राहायचा. सहा महिन्यांत पाठ धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला, वाकू नका म्हणाले. डॉक्टरांसमोर याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही की मी वाकतो कुठे. बाहेर आल्यावर मी रिक्षातच सांगितलं, स्वयंपाकघर नवं करायचं. ओटा तुमच्या मापाचा करायचा आणि मधली भिंत पाडायची.

ओट्याला तो लगेच हो म्हणाला. भिंतीचं नाव काढलं की त्याला शंभर अडचणी सुचायच्या. फोडणीचा वास सोफ्यात मुरेल, पंख्याने गॅसची ज्योत हलेल, कुकरच्या शिट्टीत टीव्ही ऐकू येणार नाही. मी म्हटलं, टीव्ही तुम्हीच बघता आणि कुकरही तुम्हीच लावता, तेव्हा तुमचं तुम्ही बघून घ्या. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्याला कळत होतं. भिंत गेली तर नाना पुढच्या खोलीत बसलेले असताना त्याला पळायला जागा उरणार नव्हती. मला नेमकं तेच हवं होतं. मला पोरीच्या वहीतली ती ओळ दुरुस्त करायची होती.

मिस्त्री सोनगीरकडचे, साठीचे, हाताचं काम बारीक. बोलता बोलता भिंतीवर बोटाने टकटक करून त्यांनी सांगितलं की ही नुसती आडभिंत आहे, तिच्यावर काही उभं नाही. मला ते ऐकून फार बरं वाटलं. मग टेप काढून ते मला म्हणाले, ताई, उभ्या राहा, कोपर वाकवा. मी म्हटलं, माझं नाही, यांचं माप घ्या. मिस्त्री हसले. नवराही हसला, तेच चुकलं. मिस्त्रींनी त्याच्या कोपराखाली टेप धरून ओट्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीने सदतीस लिहिलं, शेजारी मला उभं करून एकतीस लिहिलं आणि कामाला लागले.

भिंत एका सकाळी पडली. पुढचे दिवस घरात धूळच धूळ होती. तांदळात धूळ, चष्म्यावर धूळ, उशीखाली विटेचा चुरा. पुढच्या अंगणात एक बर्नरची शेगडी ठेवली होती, तिच्यावर तो खिचडी टाकायचा, पण कोणी येताना दिसलं की शेगडीपासून दोन हात लांब जाऊन उभा राहायचा. टाइल्सवरून आमचं वाजलं. त्याला पांढऱ्या हव्या होत्या, मी म्हटलं हळदीचे डाग तुम्ही घासणार असाल तर पांढऱ्या लावा. लावल्या. आता घासतो.

मध्ये मावसभावाच्या मुलाच्या साखरपुड्याला आम्ही दोन दिवस धुळ्याला गेलो. परत आलो तर ओटा तयार होता. काळा कुळकुळीत ग्रॅनाइट, कडेला गोलाई, काम इतकं सुबक की नाव ठेवायला जागा नाही. मी जाऊन उभी राहिले. कोपर अगदी जिथे यायला हवं तिथे आलं. टेप लावली, एकतीस इंच.

मिस्त्रींना विचारलं तर ते गोंधळले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, याचाच मला जास्त त्रास झाला. "ताई, बठ्ठा घरस्मा ओटा बाईना मापनाच ऱ्हास," ते म्हणाले, म्हणजे सगळ्या घरांत तो बाईच्याच मापाचा असतो. दोन मापं भिंतीवर होती, त्यातलं पुरुषाचं माप म्हणजे साहेबांची गंमत, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. साहेब हसलेही होते. उद्या या बाईला टाचा उंचावून काम करावं लागलं असतं, तर ते पाप त्यांच्या माथी आलं असतं. मला न विचारता त्यांनी माझी काळजी घेतली होती.

मी म्हटलं, तोडा. नवरा म्हणाला, राहू दे, मी जुळवून घेईन, इतका छान दगड बसलाय. मिस्त्रींसमोर त्याने मान खाली घालून हे सांगितलं, आणि मला जे काही वाटलं ते मी लपवत नाही. मला त्याचा तिटकारा आला. एक दिवसापुरता का होईना, आला. हा माणूस मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा रात्रीच्या रात्री काढायचा तेव्हा घाबरला नाही, आणि सहा इंचांसाठी तोंड उघडत नव्हता.

मी म्हटलं, ठीक. ओटा माझ्या मापाचा आहे, तर स्वयंपाक मी करीन. तीन दिवस केला. मुद्दाम वाईट केला नाही, माझा जसा होतो तसाच झाला. भाकरीचा एक काठ जाड, एक काठ पातळ. वरणाला चव म्हणून नव्हती. तो पहिल्या दिवशी वरून मीठ घेऊन जेवला. दुसऱ्या दिवशी लसणाची चटणी घेऊन जेवला. भिंत नसल्यामुळे सोफ्यावरून त्याला मी दिसत होते, आणि माझी भाकरी तव्यावर तुटताना त्याचे हात मांडीवर आपोआप हलत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री आले. त्यांच्यासमोर हा चपला काढून, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि कोपर वाकवून म्हणाला, परत मोजा. या वेळी कोणी हसलं नाही. मिस्त्रींनी माप घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घण उचलला. दगड मात्र त्यांनी अख्खा वाचवला आणि तोच परत बसवला. सदतीस इंचांवर. मला तिथे आता पोळी लाटायला खरंच टाचा उंचवाव्या लागतात. माझी काही तक्रार नाही.

एवढं झालं तरी गडी पुरता तयार झाला नव्हता. रंगकाम झाल्यावर मी वर पाहिलं, तर जिथे भिंत होती तिथे छताला दोन लोखंडी आकडे. विचारलं तर म्हणाला, असू देत, कधी पडदा लावावा वाटला तर. पडदाही निघाला कपाटातून, निळा, धुऊन इस्त्री केलेला. मी आकडे काढायला लावले नाहीत. म्हटलं, बघू या.

डिसेंबरात नानांचा फोन आला. नाना आता एकटे राहत होते. वहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा सुरतेला. चुलतपुतण्याच्या घरून डबा येतो, माझं बरं चाललंय, असं ते नेहमी सांगायचे. डोळे तपासायला जळगावला येणार होते, येताना भरताची वांगी आणि काड्यांचा भारा ओळखीच्या पिकअपमध्ये टाकून आणणार होते. भरीत ते स्वतः करणार, आणि भाकरी कळण्याची, ज्वारी-उडदाची. माझ्याशी ते थेट फारसं बोलत नाहीत, भावाकरवी निरोप देतात. फोन स्पीकरवर होता. "तिले सांग, भाकर तिन्हा हातनी खासू," नाना म्हणाले. वहिनींनंतर तशी भाकरी त्यांना फक्त आमच्याकडेच मिळाली, असंही म्हणाले.

फोन ठेवल्यावर नवऱ्याने स्टूल घेतलं आणि पडदा लावला. मी इतकंच सांगितलं, की मी त्या दिवशी ओट्याशी जाणार नाही. पडदा असो की नसो.

नाना आले. अंगणात दोघा भावांनी काड्या पेटवल्या. वांगी भाजताना दोघं इतके हसत होते की शेजारचे कुंपणापाशी येऊन उभे राहिले. नाना बडगीत वांगी ठेचत होते, नवरा मिरच्या परतत होता, कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग नाना हातपाय धुऊन आत आले, नवं घर पाहिलं, टाइल्स छान आहेत म्हणाले, आणि सोफ्यावर बसले. मी समोरच्या खुर्चीवर बसलेली होते. बसूनच राहिले.

पडदा अर्धा ओढलेला होता. नवरा त्याच्यापाशी उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं मी त्या नजरेवर उठले होते. या वेळी मी पदर सारखा केला, हात मांडीत ठेवले आणि त्याच्याकडे बघत राहिले. नाना माझ्याकडे बघत होते, पाहुणा घरात आणि ही बाई बसून आहे असं त्यांना वाटत असणार. मी उठले असते तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं, आणि तो दगड, ती भिंत, ते धुळीतले दिवस फुकट गेले असते. मी उठले नाही.

त्याने पडदा धरला आणि एका बाजूला सारला. पूर्ण. परातीत कळण्याचं पीठ घेतलं, पाणी घातलं आणि मळायला लागला. पाठ आमच्याकडे, ताठ. "नाना, भाकरी मीच करस. पहिलेपासून," तो तसाच, न वळता म्हणाला.

पहिल्या भाकरीची थापथाप सुरू झाली आणि नाना गप्प झाले. तेच ते गप्प होणं. नवऱ्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता, पण हात थांबले नाहीत. भाकरी टम्म फुगली. त्याने ताट वाढलं, भरीत, कांद्याची पात, तेल, आणि नानांच्या पुढ्यात आणून ठेवलं. नानांनी घास मोडला, खाल्ला. दुसरा खाल्ला. अर्धी भाकरी संपली. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यांनी एक शब्द वाकडा काढला असता, तर शेतातल्या पंगतीपासून पोरीच्या वहीपर्यंत सगळं ऐकवलं असतं.

नानांनी पाण्याचा घोट घेतला आणि ताटाकडे बघत म्हणाले, "मी भी करस. पहिले दार लाई लेस."

डबा तीन वर्षांपूर्वीच बंद झाला होता, वहिनींच्या दिवसकार्यानंतर महिन्याभरातच. तेव्हापासून हा सत्तरीचा माणूस भरदुपारी दाराला आतून कडी लावून, खिडक्या ओढून घेऊन स्वतःची भाकरी स्वतः थापत होता. वहिनींच्या ओट्यावर, वाकून. कोणी हाक मारली तर झोपलो होतो म्हणून सांगत होता. हे त्यांनी दोन-चार वाक्यांत सांगितलं आणि पुन्हा जेवायला लागले. मी जुळवलेली सगळी उत्तरं तशीच राहिली. डोळे भरून आले, आणि रागही आला, पण तो कोणावर काढावा ते समजेना. दोन भाऊ, पंधरा-वीस कोसांवर, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसले होते.

जेवण झाल्यावर नाना उठले. ताट स्वतः उचललं, मी उचलू दिलं. आत जाऊन धुतलं. मग ओट्याशी उभे राहिले. दोघे भाऊ सारखेच उंच. नानांनी दगडावर हात ठेवला, कोपर वाकवून पाहिलं, थोडं पुढेमागे सरकून पुन्हा पाहिलं. पाठ सरळच राहत होती.

"कितला इंच शे?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी भावाला नाही, मला विचारलं.

मी खुर्चीवरून न उठता सांगितलं, "सदतीस."